चार बोटं कमी

बाबांच्या कामाला मापाची टेप लावायची नाही, हा या घरातला नियम कुणी लिहून ठेवलेला नव्हता. लिहिलेले नियम लोक मोडतात. हा आजवर फक्त काकांनी मोडला होता, तोही एकदाच. बाबांनी केलेल्या एका लोखंडी गेटला त्यांनी गिऱ्हाइकादेखत टेप लावली होती. गेट अगदी बरोबर निघालं, पण तो मुद्दाच नव्हता. पुढची दोन वर्षं दोघे सख्खे भाऊ एकमेकांशी बोलले नाहीत आणि आई दोघांचे निरोप इकडून तिकडे पोचवत राहिली.

त्यामुळे रविवारच्या जेवणात सगळ्यांची पानं वाढून झाल्यावर एक्का जेव्हा म्हणाला, "मी काल शाळेतल्या बास्केटबॉलच्या रिंगला टेप लावली," तेव्हा माप किती भरलं हे कुणी विचारलं नाही.

"टेप लावलीस?" आई म्हणाली.

"हो."

"बाबांनी बसवलेल्या रिंगला?"

"आई, शाळेतल्या दोन्ही रिंगा बाबांनीच बसवल्यात."

"म्हणजे दोन्हींना लावलीस."

"दोन्हींना."

आईनं कपाळाला हात लावला. बाबांनी चमचा ताटात ठेवला आणि ते खिडकीबाहेर बघायला लागले. बाहेर समोरच्या गोदामाची भिंत होती आणि तिच्यात बघण्यासारखं काहीही नव्हतं, पण अपमान झालेल्या माणसाला कसलंही दृश्य चालतं.

काकांना मात्र जेवण एकदम गोड लागायला लागलं. बांधकामाचे कंत्राटदार, जन्मभर लोकांच्या तक्रारी ऐकलेल्या. आज पहिल्यांदाच तक्रार दुसऱ्याच्या कामाची होती आणि तीही थोरल्या भावाच्या. त्यांनी बटाटे आणखी वाढून घेतले.

"बरं, भरली किती?"

"उंचीला चार बोटं कमी," एक्का म्हणाला.

खरं तर हे जेवण टेपसाठी नव्हतंच. येत्या गुरुवारी शाळेच्या बास्केटबॉल कोर्टला एक्क्याचं नाव द्यायचं होतं. त्याची थोरली बहीण, म्हणजे ताई, शाळेची मुख्याध्यापिका. काका शाळेच्या विश्वस्तांपैकी एक. आपल्याच माणसाचा गौरव आपणच करायचा ठरवला की फारसे मतभेद होत नाहीत, तेव्हा ठराव एकमतानं झाला होता. बोर्ड रंगवून आला होता. पाहुणे ठरले होते. बोर्डावरचा पडदा सरकला की लगेच मुलींची अंतिम मॅच, आणि आपल्या संघाची कॅप्टन ताईची मुलगी, चिमणी. जन्मली तेव्हा वीतभर होती म्हणून चिमणी. आता तिला या घराच्या दारातून मान वाकवून आत यावं लागतं, पण नाव बदलायचं कुणाच्या लक्षात आलं नाही.

एक्का हे नावही तसंच मागे राहिलेलं. शाळेत होता तेव्हा सगळे त्याला हुकमी एक्का म्हणत. पत्त्यांत एक्क्याच्या पुढे कुणी नसतं. शाळेच्या कोर्टवर तो कधी हरला नाही. बाहेरून आलेले संघ नुसते बघत राहत. अंतिम सामन्यात शेवटच्या क्षणी त्यानं अर्ध्या कोर्टवरून टाकलेला तो बास्केट आई अजूनही घरी येणाऱ्या प्रत्येकाला सांगते. अलीकडे सांगता सांगता ती त्याला बरीच मागे नेते. आणखी थोडी वर्षं गेली तर तो बास्केट शाळेच्या फाटकाबाहेरून टाकलेला असेल.

मग दुसऱ्या शहरात निवड चाचणी झाली. बाबा बरोबर गेले होते. चाचणीत एक्क्याचा एकही चेंडू आत गेला नाही. एकेक चेंडू रिंगच्या पुढच्या कडेवर आपटायचा आणि परत यायचा. येताना बसमध्ये बाबा अवाक्षर बोलले नाहीत. दारात आईनं काय झालं म्हणून विचारलं, तेव्हा म्हणाले, "कच खाल्ली पोरानं."

हे तीन शब्द त्या दिवशी घरात राहायला आले ते कायमचेच. एक्का खेळाच्या सामानाच्या दुकानात विक्रेता झाला, कारण कच खाल्ली. नंतर एका कारखान्याच्या व्यायामशाळेत जाड्या साहेबांना दोरीवरच्या उड्या शिकवत बसला, कारण कच खाल्ली. लग्न झालं, दोघांनी शांतपणे ठरवून मोडलं. शेजारणीला कारण सांगताना आईला फार विचार करावा लागला नाही. पुढे शाळेचे खेळाचे सर निवृत्त झाले आणि ताईनं भावाला 'तात्पुरता' कोच म्हणून घेतलं. त्याच्या संघातल्या मुली घरच्या कोर्टवर सगळ्यांना लोळवायला लागल्या तसा तो तात्पुरता कायम झाला. बाहेर जाऊन मात्र त्या हरायच्या. त्याचं स्पष्टीकरणही घरात तयारच होतं: कोचचा गुण, दुसरं काय.

गेल्या आठवड्यात बाहेरच्या एका मॅचला चिमणीनं टाकलेला चेंडू पुढच्या कडेवर आपटला. मग दुसरा. मग तिसरा. एक्का बाकावर बसला होता. तो आवाज त्याच्या ओळखीचा होता. पोरगी घाबरलेली नव्हती. हसत होती, ओरडून खेळ चालवत होती, हात सुटा होता. तरी चेंडू तेवढाच कमी पडत होता, जेवढा त्याचा पडला होता. तेव्हा त्याला पहिल्यांदा वाटलं की भीती इतकी मापात नसते. मग त्यानं जी गोष्ट या घरात कुणीच केली नसती ती केली. दुकानात जाऊन टेप विकत घेतली.

"समजा असेल कमी," ताई आता मुख्याध्यापिकेच्या आवाजात म्हणाली. "समोरच्या संघालाही तीच रिंग असते ना? मग अन्याय कुणावर झाला?"

"ते नियमातल्या दहा फुटांवर शिकून येतात. इथे आले की त्यांचे चेंडू मागच्या कडेवर लागतात. आपण बाहेर गेलो की आपले पुढच्या."

"म्हणजे आपल्या पोरांची मेहनत काहीच नाही?"

"मेहनत आहे. चार बोटं कमी आहे."

"दर वर्षी तपासणीला माणूस येतो, एक्का. तो बरोबर असा शेरा देऊन जातो."

"तो तुझ्या केबिनमध्ये चहा पिऊन जातो, ताई. कोर्टवर ऊन असतं."

काकांना हसू आलं. ते त्यांनी बटाट्याबरोबर गिळलं.

"आणि तो बास्केट?" आईनं विचारलं. तिचा आवाज बारीक झाला होता. "तो शेवटचा?"

"तोही त्याच रिंगमध्ये पडला, आई."

त्याला स्वतःला याच गोष्टीनं काल दिवसभर छळलं होतं. एका टेपनं त्याचा भित्रेपणा गेला होता, आणि त्याच टेपनं कीर्तीही गेली होती. एक ठेवून दुसरं टाकावं म्हटलं तर सोय नव्हती. दोन्ही एकाच खांबाला टांगलेली होती. तरीही रात्री त्याला वर्षानुवर्षांत लागली नव्हती अशी झोप लागली, हे त्यानं कुणाला सांगितलं नाही.

"तुझं म्हणणं तरी काय आहे?" ताईनं विचारलं.

"उद्या दोन्ही रिंगा वर घ्यायच्या."

"उद्या? गुरुवारी मॅच आहे."

"पुढच्या रविवारी चिमणीची निवड चाचणी आहे."

आता बोलायची पाळी चिमणीची होती. इतका वेळ ती मान खाली घालून जेवत होती. तिनं ताट बाजूला सारलं.

"मला नाही चालणार. गुरुवारी मला जिंकायचंय. माझ्या वर्गातल्या सगळ्या येणार आहेत."

"आणि रविवारी?"

"रविवारी चार बोटं वर टाकीन. आता कळलंय ना मला."

"डोक्याला कळलंय. हाताला नाही. हात लहानपणापासून एकच गोष्ट शिकलाय, त्याला थोडे तरी दिवस दे."

"म्हणजे गुरुवारी सगळ्यांसमोर चुकत बसू?"

"हो. इथे चूक. तिथे नको."

"मामा, एक विचारू?" चिमणीच्या आवाजाला धार आली. ताईची होती ती धार, मापासकट. "तू तेव्हा घाबरलास. आता कोर्टला तुझं नाव देणार म्हटल्यावर रिंग खाली आली का?"

"चिमणे," आई म्हणाली. पण जोर लावून म्हणाली नाही. कारण टेबलाभोवती बसलेल्या प्रत्येकाच्या मनात हेच होतं. सव्वीस वर्षं गप्प बसलेला माणूस सत्काराच्या तोंडावर एकाएकी टेप घेऊन निघतो, याचा अर्थ काढायला फार अक्कल लागत नाही. आपली भित्री माणसं आपल्याला ओळखीची असतात. ती निर्दोष निघाली तर त्यांच्याशी वागायचं कसं, हा नवाच घोर लागतो.

एक्का पाणी प्यायला. मग रिकामा पेला त्यानं पुन्हा तोंडाला लावला, आणि ते ताईला दिसलं.

खिडकीकडे तोंड करून बसलेले बाबा तेव्हा बोलले.

"मी बसवली तेव्हा रिंग दहा फुटांवर होती."

"मग काय खांब खचले?" काका म्हणाले.

"माझे खांब खचत नाहीत. जमीन वर आली."

काकांचा घास हातातच राहिला. कोर्टची जमीन काकांनी केलेली होती.

"दादा, मला सांगितला तेवढाच थर मी टाकला. एक कणही जास्त नाही."

"थर टाकायच्या आधी तेवढी माती उकरून काढायची असते. शाळकरी पोराला कळतं हे."

"आणि खांब जमीन झाल्यावर बसवायचे असतात. ते कुणाला कळतं?"

"भूमिपूजनाच्या फोटोत खांब हवे होते म्हणून आधी बसवले. तू खालून उकरणार असं मी धरून चाललो."

"तू वर घेणार असं मी धरून चाललो."

"मग विचारायचं होतंस."

"कसं विचारणार? आपण बोलत होतो का?"

"का बोलत नव्हतो?"

"दादा, ते गेट बरोबर होतं, मी चूक कधी म्हणालो? मी नुसती टेप लावली."

"नुसती," बाबा म्हणाले. त्या एका शब्दात सगळं गेट होतं, कडी-कोयंड्यासकट.

तर हे असं होतं. खांब बरोबर होता. जमीनही बरोबर होती. दोघांच्या मधलं अंतर तेवढं चुकलं होतं, आणि ते दोघा भावांच्या मधलंच होतं. पुढे एक्क्यानं घरीही सरावाला अगदी शाळेसारखीच रिंग हवी म्हणून हट्ट धरला, तेव्हा बाबांनी शाळेत जाऊन जमिनीपासून रिंगपर्यंत सळई उभी केली, बरोबर तेवढी कापून आणली आणि घराखालच्या वर्कशॉपच्या मागच्या भिंतीवर त्या सळईबरहुकूम रिंग ठोकली. टेप कशाला हवी? स्वतःच्याच कामाचं माप घ्यायचं होतं.

"आणि मी तर निरोपही दिला होता," काका तावातावानं म्हणाले. "स्पष्ट शब्दांत. दादाला सांगा, थर चार बोटं येणार आहे, त्या हिशेबानं—"

ते थांबले. पाण्याचा जग घेऊन आई त्यांच्या समोरच उभी होती.

आईला तो दिवस आठवला, आणि इतका स्वच्छ आठवला की जणू कुणी तो पुसूनच ठेवला होता. भावोजी दारात उभे होते, चपलांना सिमेंट लागलेलं, आत यायला तयार नव्हते. त्यांनी निरोप सांगितला. तिनं बरं म्हटलं. हे जेवले की सांगू, असं ठरवलं, कारण जेवणाआधी भावाचं नाव काढलं की हे जेवत नसत. आणि यांचं जेवण व्हायच्या आत एक्का जिना धडधडत वर आला होता. शाळेच्या संघात घेतलं, शाळेच्या संघात घेतलं, एवढंच ओरडत. तिनं त्याला उचलायचा प्रयत्न केला होता. तो तेव्हाच तिच्याहून उंच होता. त्या गडबडीत चार बोटं गेली ती गेली. पुन्हा कधी आठवलीच नाहीत. आता जग तिला जड झाला आणि तो खाली ठेवायचं तिला सुचेना.

काकांनी वहिनीच्या तोंडाकडे पाहिलं. या बाईनं दोन वर्षं दोघांचे निरोप नेले होते. वाटेत त्यातल्या शिव्या गाळून टाकल्या होत्या, नाहीतर दोनाची वीस वर्षं झाली असती. काका तोंडाळ होते, पण बांधकामातले होते. भार कुठल्या भिंतीवर आहे हे त्यांना कळत असे.

"—त्या हिशेबानं रिंग वर घ्या, असं मी मोठ्या सरांना सांगितलं होतं," त्यांनी वाक्य पूर्ण केलं.

"कुठले मोठे सर?" बाबांनी विचारलं.

"तेव्हाचे मुख्याध्यापक. ते विसरले असतील."

तेव्हाचे मुख्याध्यापक वारून बराच काळ लोटला होता. टेबलाभोवती सगळ्यांनी सुस्कारा सोडला. जिवंत माणसं या घरात कधी एकमत होऊ देत नाहीत; गेलेल्या माणसाचा मात्र फार आधार असतो.

"विसराळूच होते ते," बाबा लगेच म्हणाले.

"माझं तर बिल विसरायचे," काका म्हणाले.

दोन भावांनी एका मुद्द्यावर मान डोलावल्याचं चिमणीनं आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं.

ताईलाही हे सोयीचंच होतं. जुन्या काळातली तांत्रिक चूक, पूर्वीच्या मुख्याध्यापकांच्या कारकिर्दीतली. विश्वस्तांना सांगायला वाक्य तयार झालं होतं. पण तिच्या डोळ्यांपुढून भावाचा तो रिकामा पेला जात नव्हता. चाचणीहून आल्यावर तो खाली वर्कशॉपच्या पायरीवर बसला होता, बूट न काढता, अंधार पडेपर्यंत. तेव्हा ती कॉलेजात होती आणि त्याच्या बाजूनं जिना चढून वर गेली होती, एक शब्द न बोलता. रविवारी बसमधून येताना शेजारच्या सीटवर चिमणी असणार होती. ताईला भीती वाटली.

"उद्या शाळा सुटल्यावर रिंगा वर घ्या," ती म्हणाली.

"आई!" चिमणी म्हणाली.

"गुरुवारी हरलीस तरी चालेल."

"पाहुणे येणारेत. बोर्ड आहे."

"बोर्ड मी कपाटामागे ठेवते. तो कुठे पळून जातोय."

"मला कुणी विचारणार आहे का?"

"नाही," एक्का म्हणाला. "मलाही कुणी विचारलं नव्हतं. पण मला कुणी सांगितलंही नव्हतं. तुला सांगतोय."

चिमणी त्याच्याकडे बघत राहिली. तिला तिचं मघाचं वाक्य आठवलं असावं, कारण तिचे कान लाल झाले. माफी मागणं या घराच्या रक्तात नव्हतं. तिनं ताट पुन्हा पुढे ओढलं आणि विचारलं, "आणि खालची?"

"खालची कुठली?"

"अंगणातली. मी रोज तिथेच टाकते ना. ती कुणी चुकवली?"

या प्रश्नाला गेलेले मुख्याध्यापक उपयोगी पडण्यासारखे नव्हते.

बाबा उठले. हात धुतले, पुसले आणि कुणाकडे न बघता जिना उतरायला लागले. त्यांच्या मागून काका, मग एक्का, चिमणी आणि ताई. आई वरच राहिली. स्वयंपाकघराच्या खिडकीतून अंगण दिसायचं.

वर्कशॉपच्या मागे भिंतीला दोन लोखंडी अँगल ठोकून रिंग बसवलेली होती. तिची जाळी कधीच गळून गेली होती. बाबा तिच्याखाली उभे राहिले आणि काकांकडे वळले.

"टेप आहे ना तुझ्या खिशात?"

काकांच्या खिशात कायम टेप असे. त्यांचा धंदाच तो. पण थोरल्या भावासमोर त्यांनी ती गेटनंतर एकदाही बाहेर काढली नव्हती. आता त्यांनी खिशात हात घातला आणि तो तसाच आत ठेवला.

"आहे."

"लाव."

काकांनी एक्क्याकडे पाहिलं, की हा साक्षीला आहे ना. मग टेप काढली. खालचं टोक एक्क्यानं पायानं दाबून धरलं, काका स्टुलावर चढले.

"किती?" बाबांनी विचारलं.

"चार बोटं कमी, दादा."

"वाच नीट."

काकांनी नीट वाचली. तेवढीच होती. निदान सळई तरी बिनचूक कापली होती. शाळेतली चूक जशीच्या तशी घरी आली होती, तसूभरही फरक न पडता. बाबांना त्यातही थोडा अभिमान वाटला, आणि तो वाटल्याची लाज वाटली.

मग कामाला जोर आला. काकांनी बोल्ट सोडले, बाबांनी खालून शिव्या घालत ड्रिलची जागा दाखवली, एक्क्यानं रिंग खांद्यावर तोलून धरली. तो तसा रिंगखाली वाकून उभा असताना बाबा त्याच्या अगदी जवळ आले.

"येताना मी बसमध्ये तुझ्याशी बोललो नव्हतो."

"नव्हता बोललात."

"बोलायला हवं होतं," बाबा म्हणाले. "मला फार वाईट वाटत होतं आणि मला ते सांगता येत नव्हतं." एवढं बोलून ते लगेच काकांवर ओरडले की भोक तिरकं पडतंय. भोक सरळ पडत होतं.

रिंग वर गेली. दिसायला काहीही फरक नव्हता. चिमणीनं चेंडू घेतला, नेहमीच्या जागेवर उभी राहिली आणि टाकला. पुढच्या कडेवर आपटून तो परत आला. तिनं पुन्हा टाकला. पुन्हा तेच. चौथ्या-पाचव्या खेपेला तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"मामा, तू टाकून दाखव."

एक्क्यानं चेंडू घेतला. कोच झाल्यापासून तो घरच्यांसमोर कधी खेळला नव्हता. त्यानं गुडघे वाकवले, हात वर नेला. सव्वीस वर्षांपूर्वीची ती हालचाल आजही देखणी होती. चेंडू सुरेख वळणानं गेला, पुढच्या कडेवर आपटला आणि त्याच्याच पायाशी आला.

अशा वेळी काय म्हणायचं हे सगळ्यांना पाठ होतं, म्हणून सवयीनं सगळ्यांनी वर खिडकीकडे पाहिलं.

आई खिडकीत उभी होती.

"कच नव्हती खाल्ली त्यानं," ती म्हणाली. "भावोजींनी निरोप मला दिला होता. सरांना नाही, मला. त्याच दिवशी हा संघात निवडला गेला, आणि मी आनंदात विसरले. वर सव्वीस वर्षं मीच लोकांना सांगत फिरले."

काका हातातल्या ड्रिलकडे बघू लागले. ताईनं विश्वस्तांसाठी तयार केलेलं वाक्य मनातल्या मनात खोडलं. गेलेले मुख्याध्यापक अर्ध्या दुपारपुरते दोषी राहून सुटले. बाबांनी तोंड उघडलं, आणि यातून आता किती वर्षांचा अबोला निघतो याचा अंदाज प्रत्येक जण आपापल्या परीनं घ्यायला लागला.

पण बोलायचा हक्क बाबांचा नव्हता, आणि हे बाबांनाही कळलं. त्यांनी तोंड मिटलं. सगळे एक्क्याकडे बघायला लागले. त्याला वाटेल ते बोलता आलं असतं आणि कुणी त्याला अडवलं नसतं. बोलण्यासारखं त्याच्याकडे पुष्कळ साठलेलं होतं.

त्यानं चेंडू उचलला. वर पाहिलं. आई खिडकीचा गज धरून उभी होती आणि एवढीशी दिसत होती.

"खाली ये," तो म्हणाला. "रिंगखाली कुणीतरी लागेल चेंडू परत द्यायला. आज पुष्कळ चुकणार आहेत."

जिना उतरायला तिला वेळ लागला. सगळे थांबले. ती आली आणि रिंगखाली भिंतीला पाठ लावून उभी राहिली, दोन्ही हात पुढे धरून.

"माझ्याकडे नको बघू," एक्का आईला म्हणाला. "चेंडूकडे बघ."

चिमणीनं टाकला. तो कमी पडला. आईनं तो दोन्ही हातांनी उचलला आणि लगेच परत दिला.